डॉ. रखमाबाई : परदेशी जाणाऱ्या लेकींची वडीलधारी



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. लोणावळ्यापासून देहूरोडपर्यंत आपल्या मावळातल्या वस्त्यांमधून आता मुली शिकल्या आहेत. कोणी नर्सिंग केलंय, कोणी लॅबचा कोर्स केलाय, कोणी कॉम्प्युटरवर काम करते. त्यातल्या एखादीला परदेशातल्या नोकरीची संधी आली की घरात बैठक बसते. काका येतो, मामा येतो, शेजारचे येतात. पण त्या बैठकीत पोरीला काम किती येतं, पगार किती, करारात काय लिहिलंय, हे फार कमी विचारलं जातं. एकटी कशी राहील, लग्नाचं कसं होईल, समाज काय म्हणेल, यावरच चहाच्या तीन फेऱ्या होतात. शेवटी भाऊ गेला तर चालेल, बहीण नको, असा निकाल लागतो.

हा निकाल नवा नाही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी मुंबईच्या एका मुलीला याच सवालातून जावं लागलं. तिचा निकाल घरच्या बैठकीत लागला नाही, तो थेट हायकोर्टात गेला. तिचं नाव रखमाबाई. ती त्यातून सुटली, विलायतेला गेली, डॉक्टर होऊन परत आली आणि पस्तीस वर्षं बायाबापड्यांची सेवा केली. पुष्कळांना तिच्या खटल्याची गोष्ट माहीत असते, पुढच्या पस्तीस वर्षांची माहिती नसते. म्हणून तिचं चरित्र माझ्या कुवतीप्रमाणे मांडतो.

रखमाबाईंचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 रोजी मुंबईत सुतार समाजात झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. रखमाबाई जन्मल्या तेव्हा आई पंधरा वर्षांची होती आणि सतराव्या वर्षी तिचं कुंकू पुसलं गेलं. ब्राह्मणाघरची बाई असती तर तिचं केशवपन होऊन ती कोपऱ्यात बसली असती. पण सुतार समाजात विधवेला पुन्हा लग्न करण्याची चाल होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. हे सखाराम अर्जुन मुंबईतले नावाजलेले डॉक्टर, ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे, सुधारक मंडळींत ऊठबस असणारे गृहस्थ. लग्नाच्या वेळी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. ही मालमत्ता लक्षात ठेवा, पुढच्या भांडणाचं एक मूळ तिच्यात आहे.

एवढं सुधारलेलं घर, पण रूढीने तेही सोडलं नाही. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजी नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लावून दिलं. दादाजीने सासऱ्याच्या घरी राहावं, शिकावं, चांगला माणूस व्हावं, असं ठरलं होतं. पण त्याचं शिक्षणात मन लागलं नाही. तो आपल्या मामाच्या घरी जाऊन राहिला, प्रकृती बिघडली, कर्ज झालं. मुलगी वयात आली तेव्हा तिला सासरी पाठवा असा तगादा सुरू झाला. सखाराम अर्जुन स्वतः डॉक्टर. कोवळ्या वयात संसार मांडला तर मुलीच्या शरीराचं काय होतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांनी मुलीला घरीच ठेवलं. रखमाबाईंनी घरी बसून मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं आणून वाचली, इंग्रजी शिकल्या. शाळेत फार जायला न मिळालेली ही मुलगी पुढे वर्तमानपत्राला इंग्रजीत पत्रं लिहू लागली. आपल्यासारख्या रात्रशाळेत आणि पाळीवरून घरी आल्यावर शिकलेल्या माणसांना तिच्याविषयी जवळीक वाटते ती यामुळे.

आता थोडं थांबून त्या काळची मुंबई बघू, म्हणजे पुढचं नीट कळेल. त्या वेळी बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत. पडद्यातली बाई बाळंतपणात अडली तर दारापलीकडून औषध विचारायचं, नाहीतर सुईणीच्या हाती सोडायचं. कितीतरी बाया तशाच मेल्या. तेव्हा बाई डॉक्टर हवी हे सगळ्यांना कळत होतं, पण आणायची कुठून? मुंबईत जॉर्ज किट्रेज नावाचा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी बंगाली हे पारशी गृहस्थ यांनी पुढाकार घेऊन निधी जमवला. त्यांनी इंग्लंडमध्ये बाई डॉक्टरचा शोध घेतला आणि एडिथ पीची यांची निवड झाली.

ही निवड समजून घेण्यासारखी आहे. पीचीबाई 1869 मध्ये एडिंबरो विद्यापीठात वैद्यकी शिकायला शिरलेल्या पहिल्या स्त्रियांच्या गटातल्या. रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्यांनी मुलांच्या वर नंबर काढला, तर केवळ बाई म्हणून त्यांची शिष्यवृत्ती खालच्या मुलाला दिली. त्या विद्यापीठाने बायांना पदवी द्यायचं नाकारलं. मग पीचीबाईंनी स्वित्झर्लंडमधल्या बर्न येथून 1877 मध्ये पदवी घेतली. अशी ताकदीची बाई 1883 च्या डिसेंबरात मुंबईला आली. पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून बोरीबंदरजवळ कामा हॉस्पिटल उभं राहिलं, ते 1886 मध्ये सुरू झालं आणि त्याचा कारभार पीचीबाईंकडे आला. बायकांचा दवाखाना, कारभार बायकांच्या हाती, वर पुरुष डॉक्टरचा अंमल नाही, हा निधी जमवणाऱ्यांचा आग्रह होता. पुरुषाइतकंच काम तर पुरुषाइतकाच पगार, हे पीचीबाई उघड मांडत.

आपल्या धम्माच्या इतिहासात याहून जुना दाखला आहे. सम्राट अशोकाचा मुलगा महिंद सिंहलद्वीपात म्हणजे आजच्या श्रीलंकेत धम्म घेऊन गेला. तिथल्या अनुला राणीने आणि तिच्यासोबतच्या स्त्रियांनी प्रव्रज्या मागितली. महिंद थेराने सांगितलं की स्त्रियांना दीक्षा देणं भिक्षूचं काम नाही, त्यासाठी भिक्षुणी लागते, माझ्या बहिणीला बोलवा. मग संघमित्रा थेरी इतर भिक्षुणींसह बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्र ओलांडून गेली आणि तिथे भिक्षुणी संघ उभा राहिला. म्हणजे बघा, बहिणीला परदेशी पाठवलं ते भावाची सोबत म्हणून नव्हे. जे काम फक्त तीच करू शकत होती, त्या कामासाठी तिला पाठवलं. पीचीबाई मुंबईला आल्या त्याचं कारण हेच आणि पुढे रखमाबाई लंडनला गेल्या त्याचंही कारण हेच.

पण रखमाबाईंच्या वाटेत अगोदर कोर्ट आलं. 1884 मध्ये दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला की माझी बायको माझ्याकडे नांदायला येत नाही, तिला पाठवण्याचा हुकूम व्हावा. दाव्याचा निकाल लागायच्या आत, 1885 च्या एप्रिलमध्ये सखाराम अर्जुन वारले. घरातला आधार गेला. तरी ही वीस वर्षांची मुलगी डगमगली नाही. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात एक हिंदू स्त्री या टोपणनावाने बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर पत्रं आली, ती तिचीच. मुलीचं शिक्षण लग्नाने कसं तुटतं, मुलगा मात्र लग्नानंतरही कसा शिकत राहतो, याचा हिशोब तिने त्यात मांडला.

21 सप्टेंबर 1885 रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला तो रखमाबाईंच्या बाजूने. अजाण वयात लग्न लागलेल्या आणि कधीच न नांदलेल्या बाईला तिच्या मर्जीविरुद्ध पुरुषाच्या ताब्यात देणं हा रानटीपणा होईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. या निकालावर गदारोळ उठला. बेहरामजी मलबारी, पंडिता रमाबाई अशी माणसं रखमाबाईंच्या बाजूने उभी राहिली. टिळकांच्या केसरीने आणि मराठाने विरोध केला. धर्मात सरकारने ढवळाढवळ केली, बाईला इंग्रजी शिकवलं की असंच व्हायचं, असा सूर लागला. 1886 मध्ये अपिलात निकाल फिरला आणि दावा पुन्हा चालवायला पाठवला गेला. 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की रखमाबाईंनी नवऱ्याकडे जावं, नाहीतर सहा महिने कैद भोगावी. रखमाबाईंनी कळवलं की मी कैदेत जाईन, पण तिकडे जाणार नाही.

त्याच आठवड्यात आणखी एक दुःखद घटना घडली होती. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या. या निकालाच्या सहाच दिवस अगोदर. आनंदीबाई कल्याणच्या, रखमाबाईंपेक्षा चार महिन्यांनी लहान. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, मूल दहा दिवसांत गेलं. मग 1883 मध्ये त्या एकट्या बोटीने अमेरिकेला गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजातून 11 मार्च 1886 रोजी डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानाच्या दवाखान्यात त्यांची नेमणूकही झाली होती, पण क्षयाने त्यांना गाठलं आणि काम सुरू होण्याआधीच जीव गेला.

दोघींची गोष्ट शेजारी ठेवली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. आनंदीबाईंना नवऱ्याने शिकायला लावलं, प्रसंगी मारहाण करून लावलं, आणि परदेशी पाठवलं. रखमाबाईंना नवऱ्याने अडवलं. एकीचा नवरा हट्टाने पुढे ढकलतो, दुसरीचा मागे ओढतो, पण दोन्हीकडे दोरी नवऱ्याच्याच हातात. बाईची हुशारी, तब्येत, तिचं स्वतःचं मन, याला कोणी विचारत नाही. रखमाबाईंचं मोठेपण असं की ती दोरी त्यांनी स्वतःच्या हाताने तोडली.

खटल्याची बातमी इंग्लंडात पोचली. लंडनच्या टाइम्समध्ये 1887 साली रखमाबाईंचं पत्र छापून आलं. तिकडे त्यांच्या मदतीसाठी कमिटी झाली. राणी व्हिक्टोरियाने हे लग्न मोडून दिलं अशी गोष्ट आपल्याकडे पुष्कळ जण सांगतात. प्रत्यक्षात सुटका झाली ती तडजोडीने. 1888 च्या जुलैमध्ये दादाजीने 2000 रुपये घेतले आणि आपला हक्क सोडला. पुढे त्याने दुसरं लग्न केलं. रखमाबाई वयाच्या चोविसाव्या वर्षी मोकळ्या झाल्या. त्यांच्या खटल्यामुळे संमतीवयाच्या वादाला जोर आला आणि 1891 च्या कायद्याने मुलीचं संमतीवय दहावरून बारा केलं गेलं. आज ते ऐकून हसू येईल, पण त्या काळी त्यासाठी रान पेटलं होतं.

आता निवडीची गोष्ट. सुटका झाली म्हणून कोणी बोटीत बसत नाही. त्यासाठी कोणीतरी पारखणारं लागतं, पैसा लागतो, तिकडे उतरायला घर लागतं आणि परत आल्यावर काम लागतं. पीचीबाईंनी रखमाबाईंना पारखलं. खटल्यात न डगमगणारी, स्वतःच्या बळावर इंग्रजी शिकलेली ही बाई डॉक्टर होऊ शकेल असं त्यांनी ओळखलं आणि तिच्यामागे उभ्या राहिल्या. पैशासाठी लोकांनी वर्गणी केली. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी 500 रुपये दिले. इंग्लंडात मॅक्लॅरन कुटुंबाने आधार दिला. 1889 मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या आणि तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिरल्या. ही शाळा 1874 मध्ये निघाली होती, कारण पुरुषांच्या कॉलेजांचे दरवाजे बायांना बंद होते. रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष रोगी पाहून शिक्षण झालं. 1894 पर्यंत, म्हणजे पाच वर्षं, घर सोडून, थंडीपावसात, परक्या भाषेत परीक्षा देत त्यांनी शिक्षण पुरं केलं. शाळेत धड न गेलेल्या मुलीने हे करून दाखवलं. आम्ही गिरणीवाले म्हणतो, सूत बारीक असलं तरी पीळ चांगला असला की तुटत नाही. तसं ते होतं.

पुष्कळांना वाटतं की परदेशी जाणं ही कसोटी. खरी कसोटी परत आल्यावर असते. रखमाबाई 1895 च्या सुमारास मायदेशी आल्या आणि सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात मुख्य डॉक्टर म्हणून रुजू झाल्या. गाव परकं, भाषा गुजराती. दवाखान्यात गेलं की माणूस मरतो असा बायकांचा समज. लोक अशी गोष्ट सांगतात की बाळंतपणाला कोणी येईना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणून ठेवली. ती सुखरूप व्याली, करडं धडधाकट निघाली, ते बायकांनी पाहिलं आणि मग हळूहळू त्या येऊ लागल्या. पुढे प्लेगची साथ आली. 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, हे आपल्या घराघरात ठाऊक आहे. त्याच साथीच्या काळात सुरतेत रखमाबाई रोग्यांत काम करत होत्या. या कामाबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं.

1904 मध्ये दादाजी वारला. तेव्हापासून रखमाबाई विधवेसारखी पांढरी साडी नेसू लागल्या. वाचणारा इथे बुचकळ्यात पडतो. ज्याच्याकडे नांदायला नकार देऊन कैद पत्करायची तयारी केली, त्याच्यासाठी पांढरी साडी? याचं कारण त्यांच्या मनात काय होतं ते आपण इथे बसून ठरवू नये. मला एवढंच दिसतं की कायद्याशी लढणारी बाईसुद्धा समाजात राहून रोज बायकांच्या घरात शिरत होती आणि त्या बायकांना तिच्यावर विश्वास बसायला हवा होता. रूढीचं ओझं एका फटक्यात उतरत नाही, शिकलेल्याच्या खांद्यावरूनही नाही.

1914 मध्ये सरकारने हिंदुस्थानासाठी स्त्रियांची वैद्यकीय सेवा सुरू केली. त्याआधी वर्षानुवर्षं बाई डॉक्टरांची तक्रार होती की आम्हाला पुरुषांसारखी पक्की नोकरी, बढती नाही. या नव्या सेवेत 1918 मध्ये रखमाबाईंना जागा देऊ केली होती. ती त्यांनी नाकारली आणि राजकोटच्या संस्थानी स्त्री-रुग्णालयात गेल्या. तिथे त्यांनी रेड क्रॉसचं कामही उभं केलं. 1930 च्या सुमारास त्या निवृत्त होऊन मुंबईला आल्या. पस्तीस वर्षांची सेवा झाली होती. तरी स्वस्थ बसल्या नाहीत. 1929 मध्ये पडदा पद्धतीविरुद्ध त्यांनी पुस्तिका लिहिली होती. ज्या मुलीने तरुणपणी बालविवाहावर लिहिलं, तिने म्हातारपणी पडद्यावर लिहिलं.

25 सप्टेंबर 1955 रोजी नव्वदाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. याच 1955 सालच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला आणि हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळाला. या हक्कासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडलं होतं आणि ते अडवलं गेलं म्हणून 1951 मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. रखमाबाईंना 2000 रुपये मोजून जे मिळवावं लागलं, ते कायद्याने मिळालेलं पाहूनच त्या गेल्या. मात्र नांदायला पाठवण्याचा दावा लावायची तरतूद, ज्या तऱ्हेचा दावा दादाजीने लावला ती, या नव्या कायद्यातही नवव्या कलमात राहिली. कैदेची शिक्षा तेवढी त्याआधीच, 1923 मध्ये गेली होती.

आता आपल्या घरच्या बैठकीकडे येऊ. मी गिरणीत आयुष्य काढलेला माणूस, निवड कशी होते ते मी फाटकावर उभा राहून पाहिलंय. पूर्वी बदली कामगार भरताना जॉबर हातात येईल त्याला आत घेई. ज्याने दस्तुरी दिली, ज्याची ओळख, तो आत. हात किती चालतो हे मागाहून. आणि बाईच्या बाबतीत तर निराळाच न्याय. वाइंडिंग खात्यात बाया पुरुषाच्या तोडीने काम करायच्या. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात बाईला संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत कामावर ठेवायची मनाई होती. तिच्या रक्षणासाठी म्हणून हा नियम, पण रात्रपाळी करता येत नाही म्हणून मालकाने बाईच कमी केली. तिचं रक्षण झालं आणि पगार गेला. परदेशी नोकरीच्या बाबतीत आपण घरातली माणसं हेच करतो. पोरीच्या काळजीने तिची संधीच काढून घेतो.

काळजी नको असं मी म्हणत नाही. काळजी योग्य ठिकाणी हवी. रखमाबाईंच्या चरित्रातून मला चार सवाल सापडले, ते प्रत्येक घराने कागदावर लिहून ठेवावेत.

पहिला सवाल, मुलीची पारख कोणी केली? जे स्वतः ते काम जाणतात त्यांनी, की पैसे घेणाऱ्या एजंटाने? रखमाबाईंना पारखणारी स्वतः डॉक्टर होती. आज परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटाला 1983 च्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकारच्या परराष्ट्र खात्याकडून परवाना घ्यावा लागतो आणि त्याने किती फी घ्यावी यालाही मर्यादा आहे. परवाना नंबर विचारायला लाजू नका. नंबर सांगायला जो टाळाटाळ करतो त्याच्या दारातून परत फिरा.

दुसरा सवाल, करारात काय लिहिलंय? 1913 मध्ये बाबासाहेब बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, तेव्हा परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. 1917 मध्ये करार पाळायला बडोद्याला गेले तर त्यांना राहायला घर कोणी देईना. म्हणजे करारात नोकरी लिहिली होती, डोक्यावरचं छप्पर लिहिलं नव्हतं. पगार, कामाचे तास, राहण्याची जागा, आजारपण, परतीचं भाडं, हे सगळं मुलीला कळेल त्या भाषेत वाचून घ्या. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा, हे तिला बजावून सांगा.

तिसरा सवाल, तिकडे उतरल्यावर तिच्या ओळखीचं दार कोणतं? रखमाबाईंना लंडनमध्ये घर होतं. आज आपली माणसं जगभर आहेत, पुष्कळ देशांत आंबेडकरी मंडळं आहेत. निघण्याआधी तिकडच्या निदान दोन माणसांशी बोलणं व्हावं. भारतीय वकिलातीचा पत्ता आणि फोन तिच्या वहीत असावा.

चौथा सवाल, तयारी किती? 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सचं काम आहे. पण तिथे जर्मन भाषा यावी लागते, नुसतं नर्सिंगचं सर्टिफिकेट चालत नाही. भाषा शिकायला वेळ लागतो, म्हणून संधी येण्याची वाट न पाहता आधीच सुरुवात करायची. आणि जिला शिकायला जायचंय तिच्यासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठीच आहे. केंद्र सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीतही तीस टक्के जागा मुलींसाठी ठेवलेल्या आहेत. रखमाबाईंना वर्गणी गोळा करावी लागली, आपल्या मुलींना अर्ज भरायचा आहे. तो वेळेवर भरला जात नाही हे आपलं दुखणं आहे.

आणि या चारी सवालांच्या आधी एक सवाल, जो रखमाबाईंना अकराव्या वर्षी कोणी विचारला नाही. पोरी, तुला जायचंय का? तिला नसेल जायचं तर आनंदीबाईंसारखं ढकलू नका. तिला जायचं असेल तर दादाजीसारखं ओढू नका. लग्नाचं म्हणाल, तर लग्नासाठी नोकरी सोडायला लावणारा जावई सापडतो तसा नोकरीवाल्या मुलीचा मान ठेवणाराही सापडतो. शोधणाऱ्याची नजर साफ हवी.

आपल्या मावळात कार्ल्याच्या चैत्यगृहात शिलालेख आहेत, त्यात दान देणाऱ्यांमध्ये भिक्षुणीचंही नाव कोरलेलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांनी बाईचं नाव दगडात कोरायला मागेपुढे पाहिलं नाही. आपण निदान पासपोर्टच्या अर्जावर आपल्या लेकीचं नाव लिहायला कचरू नये. येत्या वर्षात विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास परदेशी शिक्षण आणि नोकरीच्या कागदपत्रांसाठी ठेवावा, जाणकार मुलामुलींनी अर्ज भरून द्यावेत, अशी माझी कमिटीला नम्र सूचना आहे. डॉ. रखमाबाईंना ते खरं अभिवादन होईल.

नमो बुद्धाय. जयभीम.